खळ्यावरचं पार्किंग

नोंद: पार्किंग. मोफत. दुचाकी व चारचाकी.

"गाडी काढा."

उत्कर्षानं स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, आरशात बघून केस सारखे केले आणि मग आवाजाकडे पाहिलं. समोर एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, पाय अनवाणी आणि हातात खराटा. खराटा भाल्यासारखा धरला होता, पण चेहरा भांडखोर नव्हता. दमलेला होता.

"पार्किंग आहे ना इथे?"

"कोण म्हणतं?"

"नकाशा."

"नकाशाला म्हणावं, जरा खाली बघ."

नकाशाच्या वतीनं तिनं खाली पाहिलं. शेणानं सारवलेली जमीन होती. सारवण ओलं होतं आणि त्यात तिच्या स्कूटरच्या चाकाची स्वच्छ, नागमोडी रेघ उठली होती. कडेला कापलेल्या भाताचे भारे रचले होते. हवेत शेणाचा आणि इंद्रायणी भाताच्या पेंढ्याचा मिळून एक गोडसर वास होता.

"हे खळं आहे," तो म्हणाला. "इथे भात झोडतात. मागच्या रविवारी इथे गाड्या लागल्या होत्या. एकीत बसून माणसं काचा वर करून वेफर्स खात होती. सगळं सारवण उखडलं. आईनं काल पुन्हा सारवलं. आज तुम्ही पहिल्या. बोहनी झाली."

"सॉरी... मी काढते."

"काढाच. आणि एक सांगा. हा नकाशा करतं कोण? मला एकदा त्या माणसाला भेटायचंय."

"भेटून काय कराल?"

"इथे उभं करीन. अख्खा रविवार. म्हणीन, घे, परतव गाड्या."

उत्कर्षानं हेल्मेट आरशाला अडकवलं.

"मी केला."

"काय?"

"पार्किंग. ते मी टाकलंय नकाशावर."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा. मग खराट्याकडे पाहिलं, जणू आता याचं करायचं काय हा प्रश्न पडला असावा.

"मस्करी करू नका."

"नाही करत."

"पण... का?"

या प्रश्नाचं एक लांबलचक उत्तर होतं. ती म्हणाली, "वरून तसं दिसलं."

लांबलचक उत्तर

उत्कर्षा ढगे वाशीमची. खराडीत एका कंपनीत नोकरीला. काम असं, की उपग्रहानं घेतलेली चित्रं पडद्यावर येतात आणि त्यांत गाड्या उभ्या करायच्या जागा शोधून त्यांच्याभोवती रेघ ओढायची. जागा सगळ्या अमेरिकेतल्या, नेब्रास्का नावाच्या राज्यातल्या. सपाट, मोकळं, कडा सरळ, रस्त्याला लागून असं दिसलं की पार्किंग. ती तिथे कधी गेली नव्हती आणि जाणारही नव्हती. पण नेब्रास्कात गाडी कुठे लावावी हे तिला तिथल्या सरपंचापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तिथे सरपंच असलाच तर.

ही झाली नोकरी. जीव दुसरीकडे होता. जगाचा एक खुला नकाशा आहे, जो कोणीही दुरुस्त करावा आणि कोणीही फुकट वापरावा. सुट्टीच्या दिवशी ती त्यात भर घालायची. पुण्यात आमोद सरांची एक छोटी संस्था या खुल्या नकाशाच्या आधारानं डोंगरालगतच्या गावांमधून चालत फिरण्याचा एक मार्ग आखत होती. माणसं यावीत, गावातच जेवावीत, गावाला काही मिळावं आणि डोंगर जसा आहे तसा राहावा, असा विचार. शेवटचं एक गाव निवडायचं राहिलं होतं. धायरीच्या मागे डोंगराच्या कुशीतली आंबरवाडी, किंवा डोंगरापलीकडचं गाव. आंबरवाडी उत्कर्षाकडे होती. ती निवडली गेली, तर मार्गाचं पूर्णवेळ काम तिला मिळणार होतं. म्हणजे नेब्रास्का कायमचं बंद.

म्हणून तिनं आधी खराडीत बसून वरून आंबरवाडी काढली. रस्ते, घरं, विहीर, देऊळ. आणि रस्त्याला लागून एक सपाट, मोकळा, सरळ कडांचा तुकडा दिसला, तेव्हा हातानं डोक्याला न विचारता काम केलं.

तिच्या वाशीमच्या घरी शेती होती. खळं नव्हतं. सोयाबीन मशीनमध्ये जातं आणि पोत्यात येतं. खळं तिनं पाहिलं होतं ते पाचवीच्या पुस्तकातल्या चित्रात, आणि त्यात ते गोल होतं.

नोंद पुसली. कारण: हे खळं आहे.

तिनं तिथेच, त्याच्यासमोर, मोबाईलवर पार्किंग पुसलं.

"झालं," ती म्हणाली. "गेलं."

"आता गाड्या येणार नाहीत?"

"येतील."

"म्हणजे?"

"हा नकाशा सगळेच वापरतात ना. वेगवेगळी ॲपं त्याची नक्कल उतरवून घेतात, आपापल्या सवडीनं. माझी दुरुस्ती सगळीकडे पोचायला वेळ लागेल. आठवडे लागतील कदाचित."

त्यानं विचार केला. "म्हणजे अफवेसारखं. सोडता येते, परत घेता येत नाही."

तिला वाईट वाटलं ते हे वाक्य बरोबर होतं म्हणून.

"तुमचं नाव काय?" तिनं विचारलं.

"ऋषी."

"मी उत्कर्षा. पुढच्या रविवारी सकाळी येते."

"कशाला?"

"उभी राहायला. तुम्हीच म्हणालात ना."

रविवार

"अहो, इथे पार्किंग दाखवतंय."

"दाखवतंय. नाहीये."

"मग लावू कुठे?"

"घरी."

ती गाडी गेल्यावर उत्कर्षा म्हणाली, "जरा गोड बोलला असतात तर?"

"गोडच बोललो. तुम्ही माझ्या काकांना ऐकलं नाहीत."

दुसरी गाडी.

"दोन मिनिटांचं काम आहे हो, नुसता डोंगर बघून येतो."

"इथून दिसतोय की. बघा."

तिसरी. हिच्यासमोर उत्कर्षा स्वतः गेली. "काका, ही नकाशातली चूक आहे. इथे भात झोडायचाय. खाली शाळेपाशी रस्ता रुंद आहे, तिथे लावून चालत या ना, प्लीज."

गाडीतल्या काकांनी काच पूर्ण खाली केली, खळं पाहिलं, "अरेच्चा," म्हणाले आणि खरंच गाडी मागे घेतली.

"बघितलंत?" ती वळली.

"बघितलं. तुम्हाला बघून मागे घेतली. मला बघून पुढे घालतात."

"मग तुम्हीसुद्धा हसून बघा एकदा."

"मी हसलोय."

"कधी?"

"आत्ता. तुम्ही त्या काकांशी बोलत होतात तेव्हा."

ती रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिली, जिथून कोणीच येत नव्हतं.

हळूहळू तिला कळत गेलं ते असं, की ऋषी पेशानं लिफ्टवाला. धायरीतल्या उंच इमारतींच्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती. "त्यातल्या एकीखाली माझ्या आत्याचा ऊस होता," तो सांगायचा. "आता मी तिथे माणसं वर-खाली करतो. पीक बदललं, इतकंच." आठवडाभर तो शहराच्या आत असायचा, रविवारी घरी. आंबरवाडी अलीकडे शहराच्या हद्दीत आली होती, म्हणजे तसा तो शहरातून शहरातच यायचा. पण खळ्यावर आला की चप्पल काढायचा.

आणि त्याची आई. मथुराबाई ओट्यावर बसून हा सगळा कारभार पाहायच्या आणि त्यांना तो मुळीच पसंत नव्हता.

"समदी माणसं हाकलून लावतोय ह्यो," त्या उत्कर्षाला म्हणाल्या. "दारात आलेल्याला साधं पाणी इचारू नये? तू सांग पोरी, हे बरं दिसतंय व्हय?"

"आई, ती गाड्या घेऊन खळ्यावर येतात."

"गाडी खळ्यावर येती. माणूस तर जेवायलाच येतो ना? माझ्या हातचं पिठलं खाऊन कोण गाडी लावंल खळ्यावर?"

उत्कर्षा मान खाली घालून पिठलं-भाकरी खात होती आणि मनात म्हणत होती, हा मुद्दा आमोद सरांना अर्ध्या तासात मांडता आला नव्हता.

जे वरून दिसत नाही

पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं. अवकाळीची लक्षणं होती. भात आजच्या आज झोडायला हवा होता. गाड्या परतवायचं काम मथुराबाईंनी घेतलं, म्हणजे प्रत्येक गाडीला थांबवून त्या चौकशी करत होत्या, कुठले, घरी कोण कोण, आणि शेवटी गाड्या आपण होऊन परतत होत्या. उत्कर्षा खळ्यात उतरली.

पेंढी दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावरून फिरवून फळीवर आपटायची. पहिल्या वेळी भात तिच्या अंगावर आला. दुसऱ्या वेळी ऋषीच्या.

"काहून हसता?" ती चिडली.

"काहून?"

"काहून म्हणजे का."

"माहितीये. पुन्हा म्हणा ना."

"पेंढी द्या."

संध्याकाळच्या आत रास घरात गेली. थेंब चार-दोनच पडले, तेही रास आत गेल्यावर. ती ओट्यावर बसली तेव्हा तो थोड्या अंतरावर उभा होता.

"केसांत फोलपटं आहेत तुमच्या."

"कुठे?"

"सगळीकडे."

त्यानं हात पुढे केला... आणि मधेच थांबवून बोटानं नुसतं दाखवलं, इथे, इथे, आणि तिथे. ती एकेक काढत गेली. त्यानं दाखवलेली जागा प्रत्येक वेळी बरोबर होती. काढायला मात्र फार वेळ लागला. दोघांनाही घाई नव्हती.

मग तो म्हणाला, "चला, एक दाखवतो."

देवळामागून करवंदीच्या जाळ्यांतून वाट चढत होती. वाट म्हणजे गुरांनी आणि बायकांनी पाडलेली रेघ. वरती एक मोठा उंबर होता, आणि त्याच्या मुळाशी खडकात हंडा बसेल एवढी कुंडी. पाणी कुठून येत होतं ते दिसत नव्हतं. नुसतं हलत होतं.

"आमचा झरा," ऋषी म्हणाला.

त्यानं ओंजळ भरून तिच्यासमोर धरली. पाणी दोघांच्या मनगटांवरून ओघळलं. ते इतकं गार होतं, की तिनं श्वास आत घेतला आणि बाहेर सोडायचा काही काळ राहून गेला. एवढंच झालं. याहून जास्त झालं असं कोणी म्हणालं, तर ते खरं नाही.

मग तिचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. तिनं पाठवला नव्हता, आपोआप गेला. आणि तो तिथे अर्धवट अडकलेला त्यानं पाहिला.

"टाकणार?"

"नाही... सवय आहे हो. हात जातो."

"माझाही जातो. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की बटणाकडे." तो खाली उतरायला लागला. "पण मी प्रत्येक मजल्यावर उतरत नाही."

आमोद सर

आमोद सर वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तसं वाटू शकतं. त्यांनी चांगली नोकरी सोडून हे काम धरलं होतं, स्वतः प्रत्येक गावात चालत जायचे आणि चहा नेहमी स्वतः सांगायचे. खराडीला कंपनीसमोरच्या टपरीवर त्यांनी दोन सांगितले.

"मी काल आंबरवाडीला जाऊन आलो," ते म्हणाले. "मथुराबाई भेटल्या. काय बाई आहे! उत्कर्षा, तिथे वरती झरा आहे, हे तू बोलली नाहीस."

तिनं चहाचा घोट घेतला. तो फार गरम होता.

"पलीकडच्या गावानं त्यांचं तळं दिलंय," सर म्हणाले. "चालणारा माणूस पाणी शोधतो. दिवसभर चालून येईल आणि बघायला काय, तर देऊळ? ते सगळीकडे आहे. झरा टाक, वाट टाक. आंबरवाडी नक्की. म्हणजे तूही नक्की."

"सर, ते प्यायचं पाणी आहे."

"मग तसं लिही. उन्हाळ्यात जाऊ नये. पाय बुडवू नयेत. जे लिहायचं ते लिही."

"खळ्यावरचं पार्किंग पुसून कितीतरी दिवस झाले. गाड्या अजून येतात. पुसलेलंसुद्धा लोक वाचत नाहीत सर. बारीक अक्षरातलं कोण वाचणार?"

सर हसले. "अगं, नव्या मुलांना शिकवताना तूच सांगतेस ना? जमिनीवर जे आहे तेच नकाशावर."

सांगत होती. दर शिबिरात, पहिल्याच वाक्यात.

"मला रविवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

कंपनीत परत जाऊन ती पडद्यासमोर बसली. नेब्रास्कात ऊन होतं. गाड्या ओळीनं उभ्या होत्या. कोणाच्याही ओल्या सारवणावर नव्हत्या.

वाद. तिघांचा.

"आमोद सर आले होते," ऋषी म्हणाला. खळ्यावर आता पेंढ्याची गंज होती आणि तो गंजीपलीकडे उभा होता. "झऱ्याचं विचारत होते म्हणे."

"मी नाही सांगितलं."

"बरोबर. झऱ्यानंच सांगितलं असेल."

"म्या सांगितलं," ओट्यावरून आवाज आला. "चोरीचा हाय का झरा?"

ऋषी वळला. "आई!"

"आई काय? तू सहा दिस लिफ्टात असतोस. मी हितं कुणासंग बोलू? खांबासंग? मला माणसं पायजेत. टाक गं पोरी तुझ्या नकाशात. लोक येतील, पाणी पितील. पाणी काय पळून जातंय?"

"पिणार नाहीत, आई. पाय बुडवतील. फोटो काढतील. बाटल्या टाकतील."

"तुला काय ठावं?"

"गेल्या महिन्यापासून कोणाला परतवतोय मी?"

मग दोघांनीही उत्कर्षाकडे पाहिलं. तिला वाटलं, यापेक्षा तो भांडला असता तर बरं. टाकू नका, म्हणाला असता. त्यावर तिला काहीतरी म्हणता आलं असतं.

पण तो म्हणाला, "तुमची नोकरी लागतेय त्यात. मी अडवणार नाही." आणि रस्त्याकडे निघून गेला, कारण गाडी येत होती.

ते 'तुमची' तिला लागलं. महिनाभर तोच शब्द ते एकमेकांना वापरत होते, आणि कधी लागला नव्हता.

ती ओट्याशी गेली. "काकू, रिकामा हंडा आहे?"

"कशापायी?"

"भरून आणते."

"तुला यायचं न्हाई एकटीला. थांब."

दोघी वर गेल्या. मथुराबाई पुढे, न दमता, वाटेतल्या प्रत्येक झाडाला काहीतरी सुनावत. कुंडीशी बसून त्यांनी तांब्यानं हंडा भरायला घेतला. भरपूर पाणी होतं. हंडा बघता बघता भरला.

"आत्ता पटकन भरला," उत्कर्षा म्हणाली. "चैत्रात?"

"चैत्रात?" मथुराबाई हसल्या. "चैत्रात तांब्या-तांब्या साचतंय, मग भरायचं. आमी बाया रांगेत बसतो हितं. येका हंड्यात येक सोयरीक जुळती. माज्या नंदेची हितंच जुळली. तवा नळाचं पाणीबी कमी येतं ना..."

त्या बोलता बोलता थांबल्या. तांब्या हातातच राहिला.

उत्कर्षानं विचारलं, "आणि रविवारी शंभर माणसं आली तर?"

"तर..." मथुराबाईंनी कुंडीकडे पाहिलं. उंबराचं एक पिकलेलं फळ पाण्यात पडलं आणि गोल गोल फिरायला लागलं. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं. "तर मग बायांनी कुठं बसावं?"

वारा आला आणि गेला.

"मला माणसं पायजेत गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खरं सांगती."

"मग माणसं बोलवू. झरा नको."

"झऱ्याबिगर कोण येतंय?"

"काकू, मी झऱ्यासाठी आले होते का?"

मथुराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की उत्कर्षाला हंडा उचलायची एकदम घाई झाली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तू पिठल्यासाठी येतीस, ठावं हाय मला."

नवी नोंद: मथुराबाईंकडे जेवण.

*पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात. आदल्या दिवशी फोन करावा. गाडी खालच्या शाळेपाशी ठेवून चालत यावे. एका तव्यावर जेवढ्या भाकऱ्या होतात, तेवढीच माणसं.*

शेवटचं वाक्य मथुराबाईंनी सांगितलं, तसंच्या तसं. शाळेच्या हेडमास्तरीणबाईंना त्या स्वतः जाऊन गाड्यांचं विचारून आल्या. उत्कर्षानं ही नोंद आमोद सरांच्या मार्गासाठी केली नाही. नकाशा खुला होता. त्यावर भाकरी टाकायला कोणाची निवड व्हावी लागत नव्हती.

मग तिनं सरांना फोन केला.

"झरा टाकत नाही, सर."

"नियम, उत्कर्षा."

"नियम म्हणतो, जमिनीवर नाही ते टाकू नका. आहे ते सगळं टाकलंच पाहिजे, असं नियमात नाही. मी पुन्हा वाचला."

मग सर म्हणाले, "तळ्याचं गाव घ्यावं लागेल गं. वाईट वाटतंय."

"मलाही," ती म्हणाली. ते खरं होतं. फोन ठेवून ती कंपनीच्या जिन्यात बसून थोडी रडली, लिफ्ट वापरायची नव्हती म्हणून जिना. मग तोंड धुऊन जागेवर गेली आणि एका दुकानासमोरच्या मोकळ्या जागेभोवती रेघ ओढली. पण आधी ती जागा मोठी करून पाहिली. नीट पाहिली. हे ती आता प्रत्येक जागेचं करणार होती. त्यामुळे काम मागे पडणार होतं आणि साहेब बोलणार होते.

रविवार

सकाळ स्वच्छ होती. गारठा होता. उत्कर्षानं स्कूटर शाळेपाशी लावली आणि चालत वर आली. ऋषी रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता. तिला पाहून उठला. मग उठल्याचं लक्षात येऊन पुन्हा बसला.

ती दुसऱ्या दगडावर बसली.

ऊन अंगावर आलं. मग पायाशी आलं. रस्त्यावरून एक म्हैस गेली, तिचा मालक गेला, मालकाचा मोबाईलवरचा आवाज गेला.

"आज एकही गाडी नाही आली," ऋषी म्हणाला.

"येणार नाही. दुरुस्ती सगळीकडे पोचली."

"कधी?"

"बुधवारी. मी सगळी ॲपं तपासली."

"बुधवारी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि आज रविवार."

"हो."

त्यानं पायापाशी पडलेली एक काडी उचलली, मोडली, आणि तिचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले.

"नोकरीचं काय झालं?"

"तळ्याच्या गावाला गेली."

"म्हणजे... तुम्ही झरा टाकला नाहीत." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "माझ्यामुळे. मी त्या दिवशी तसा निघून गेलो, म्हणून. मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"तुमच्यासाठी नाही," उत्कर्षा म्हणाली. "स्वतःला एवढं महत्त्व देऊ नका. ते झऱ्यासाठी. तिथे रांगेत बसणाऱ्या बायकांसाठी."

त्याचे कान लाल झाले. काडीचे तुकडे पुन्हा सारखे करत तो म्हणाला, "आणि आज आलात ते?"

तिनं आधी रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"ते तुमच्यासाठी. इथे थोडं महत्त्व द्यायला हरकत नाही."

ऋषी हसला. या वेळी ती समोर होती, आणि तिनं ते पाहिलं.

"मला एवढं चांगलं बोलता येत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही 'घरी' म्हणता ते चांगलं म्हणता."

"मग... चला."

"कुठे?"

"घरी."

ती उठणार, एवढ्यात वरून मथुराबाईंची हाक आली. खाली शाळेपाशी माणसं येऊन थांबलीत, काल फोन केलेली, बाप-लेक आणि म्हातारी आजी, वाट सापडत नाही म्हणतात. "आन् तुमी दोघं हितं दगडं उबवत बसलाय! जा, घेऊन या त्यास्नी. आजीला हात द्या. भाकऱ्या थापायला घेतल्यात मी!"

दोघं उतरायला लागली. शाळेकडची जवळची पायवाट एका माणसापुरतीच होती. तरी ती दोघं शेजारी शेजारी चालत गेली. त्यामुळे एकाला गवतातून, दवात पाय भिजवत चालावं लागत होतं. तो कोण, हे दर थोड्या अंतरावर बदलत होतं.